नेतृत्वाचा साठा

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. वही मुद्दाम आणलेली नाही, स्टोअरमधलं जुनं रजिस्टर आहे, अर्धं कोरं. पानांवर आवक, जावक, शिल्लक असे रकाने छापलेत, त्यांच्याकडे कानाडोळा करायचा.

महत्त्वाची बातमी. आमचा शिफ्ट लीड एप्रिलअखेर सोडून चाललाय. मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं की नवा माणूस बाहेरून आणणार नाही, आपल्यातलाच घेणार. हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे भिंतीवर घड्याळ आहे, पण घड्याळाकडे इतका वेळ कोणी बघत नाही.

कारखाना म्हणजे काय, तर जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, आतलं शिसं भट्टीत वितळवायचं आणि लाद्या पाडायच्या. मी स्टोअर सांभाळतो. मास्क, फिल्टर, हातमोजे, साबण, सगळं माझ्या हातून जातं. म्हणजे खरं पाहिलं तर कारखाना मीच चालवतो. फक्त तसं कोणी म्हणत नाही.

संकल्प: एप्रिलपर्यंत अंगात नेतृत्व आणणे.

४ फेब्रुवारी, सायं. ५.४०, बदलायच्या खोलीत

सोय झाली. मोबाइलवर एक गेम घेतला. पुरातन काळ. एक नगर वसवायचं, शेती करायची, माल विकायचा, शेजाऱ्यांशी लढायचं. गेम इंग्रजीत होता, मी सेटिंगमध्ये जाऊन मराठी केला. आपल्या भाषेत राज्य करण्याची मजा वेगळी.

बाजारात सहा वस्तू आहेत. गहू, तेल, लाकूड, संगमरवर, लोखंड आणि नेतृत्व. वाचून चाट पडलो. जुन्या काळी नेतृत्वाचाही व्यापार होत असे! शाळेत हे कोणी शिकवलं नाही. आणि भाव? एका पोत्या गव्हाला दहा नेतृत्व. सगळे गहू-तेलामागे धावताहेत, नेतृत्वाला कुत्रं विचारत नाही. त्याच्या शेजारी चित्र म्हणून एक राखाडी लादी काढली आहे. बहुधा सिंहासन असावं, चित्रकार आळशी.

पहिल्याच दिवशी चारशे नेतृत्व घेतलं.

खेळायला वेळ कुठून, तर शिफ्ट संपल्यावर अंघोळीची वीस मिनिटं मिळतात. नियम असा की प्रत्येकाने अंघोळ करायची, कामाचे कपडे इथेच टाकायचे आणि मग घरी जायचं. हा नियम भट्टीवाल्यांसाठी आहे. मी काउंटरवर बसतो. काउंटरवरची धूळ साधी असते. शिवाय सकाळी घरून अंघोळ करून येतोच. नळाखाली केस ओले केले आणि निघालो.

९ फेब्रुवारी

नेतृत्व २,१००.

घरी पोचलो की मी थेट माझ्या खुर्चीत. मोठी, जाड कापडाची, दोन्ही हात गुबगुबीत. अंगात कंपनीचा राखाडी कोट. तो तिथेच टाकून यायचा असतो, पण खिशावर कंपनीचं नाव शिवलंय आणि रस्त्यात लोक बघतात.

लेक धावत येऊन मांडीवर आदळते. पाच वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ही पोरगी सरळ चालतच नाही, दारापर्यंत जाताना दोन गिरक्या घेते. गेम तिला फार आवडतो. 'विकत घ्या'चं बटण तिनेच दाबायचं असा आमचा करार आहे. एक अंगठा स्क्रीनवर, दुसरा तोंडात. मग अंगठे बदलायचे.

ही स्वयंपाकघरातून ओरडली की आधी कपडे बदला, कारखान्यातून आल्या आल्या पोरीला काय मांडीवर घेता. मी शांतपणे सांगितलं की अंघोळ करूनच आलोय. केस ओले होते. 

१६ फेब्रुवारी

मास्कचा फिल्टर दर आठवड्याला बदलावा असं डब्यावर छापलंय. फिल्टर विकणारे दुसरं काय छापणार? मी तीन आठवड्यांना एक देतो. भट्टीवाले काका आज जुना फिल्टर काउंटरवर आपटून गेले. आतून काळा ठिक्कर. म्हणाले, हा फिल्टर नाही राहिला बाबा, हे बूच आहे. काका वीस वर्षं भट्टीवर आहेत. त्यांचे हात कापतात, त्यामुळे आपटणंही धड जमत नाही. मी त्यांना समजावलं की काळा झाला म्हणजे काम करतोय.

संध्याकाळी मालकांना फिल्टरचा शिल्लक साठा दाखवला. खूश. पाठीवर थाप मारली. मग हात रुमालाला पुसला, रुमालाकडे बघितलं आणि रुमाल टोपलीत टाकला. स्वच्छतेची फार आवड माणसाला.

२० फेब्रुवारी

गेममध्ये सूचना आली: 'तुमच्याकडे पुरेसे नेतृत्व आहे. नेतृत्वाचे नळ बसवायचे का? पाणी घराघरात पोहोचेल.'

अंगावर काटा आला. ताबडतोब 'हो' दाबलं. नेतृत्व कसं असावं तर नळासारखं, घराघरात पोचणारं. हे वाक्य मुलाखतीत वापरायचं.

घरीही सुरुवात केली. भिंगरीसाठी भिंतीवर वेळापत्रक लावलं. उठणे, अभ्यास, खेळ (बसून), अभ्यास, झोप. गिरक्या बंद. ही म्हणाली, पाच वर्षांच्या मुलीला शिफ्ट लावताय का? शिस्त म्हटलं की हिच्या कपाळाला आठी.

२६ फेब्रुवारी

भिंगरीचं पोट दुखतं. बरोबर शाळेच्या वेळेला. जेवण नको, दूध नको, बिस्कीटही नको. ही म्हणते डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, लहानपणी मीही हाच बहाणा करायचो. माझ्या पोटदुखीला घरात कोणी भीक घातली नाही, म्हणून आज इथवर आलो. हिने विचारलं, कुठवर?

वाद घालणं हे अनुयायांचं काम.

पोट हल्ली माझंही दुखतं. पण ते जबाबदारीमुळे.

४ मार्च

नेतृत्व १९,०००. सूचना: 'नागरिकांमध्ये नेतृत्वाचे प्रमाण वाढले आहे. जन्म घटले.'

साहजिक आहे. माणूस जबाबदार झाला की विचार करून पाऊल टाकतो. धान्याची कोठारं रिकामी झाली, कारण सगळा गहू नेतृत्वासाठी दिला. काही लोक उपाशी मेले. हे तात्पुरतं आहे.

९ मार्च

शाळेतून बोलावणं. वर्गाच्या बाई म्हणाल्या, मुलगी बदललीय. स्वतःचं नाव लिहायची ती आता पहिलं अक्षर काढते आणि थांबते. मध्येच चिडते. खेळाच्या तासाला भिंतीला टेकून बसून राहते. मी म्हणालो, शांत बसते ही तक्रार कशी काय होऊ शकते? बाई तरुण आहेत, अनुभव कमी.

परतताना ही घराच्या दाराशी आल्यावर म्हणाली, तिने शेवटची गिरकी कधी घेतली, तुमच्या लक्षात आहे? मी सांगितलं, वेळापत्रक लावल्यापासून बंद आहे. ही म्हणाली, तेच म्हणतेय मी. मला वाटलं कौतुक करतेय.

संध्याकाळी भिंगरी धावत आली नाही. चालत आली आणि मांडीवर घ्या म्हणून हात वर केले. उचलली. हलकी लागली. मुलं उंच व्हायला लागली की बारीक होतातच.

१३ मार्च

नेतृत्व ३१,०००. सबंध बाजारात आता माझ्याएवढं नेतृत्व कोणाकडेच नाही.

गेममधल्या माझ्या संघातल्या एका खेळाडूचा निरोप आला. नाव 'एकडोळ्या'. कुठल्या देशातला आहे देव जाणे, गेम त्याचं बोलणं आपोआप मराठी करतो. म्हणतो, एवढं नेतृत्व साठवून काय करतोस? ते जड असतं, विषारी असतं. मला दे, मी गोफणीत घालून शत्रूच्या डोक्यात मारतो.

जड आणि विषारी. नेतृत्वाबद्दल इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं. पण गोफणीत घालायचं म्हणजे अतिच झालं. नकार कळवला. एकडोळ्याने हसण्याची चित्रं पाठवली, सहा.

१७ मार्च

कारखान्यात रक्ततपासणी. दरवर्षी असते, शिसं किती गेलंय ते बघायला. यादी मी करतो, त्यामुळे माझं नाव मी घालत नाही. सुई बघितली की मला काही होत नाही, पण स्टोअर उघडं कसं टाकणार?

भट्टीवाल्या काकांचा आकडा फार आला. त्यांना लगेच भट्टीवरून काढून गेटपाशी बसवलं. मी धीर द्यायला गेलो. उलट काकाच मला धीर देताहेत असं बोलायला लागले. म्हणाले, माझं काय, मी म्हातारा. तू मात्र अंघोळ करत जा रे, तुझ्याकडे लहान पोर आहे. मोरीत पाणी वाजत नाही, मोबाइल वाजतो, मला बाहेर ऐकू येतं.

म्हणजे हेरगिरी चालू आहे. त्यांनाही लीड व्हायचं असणार. उद्यापासून मोबाइलचा आवाज बंद.

२१ मार्च

सूचना: 'नेतृत्वामुळे राजकन्या आजारी आहे. नळ काढायचे का?'

क्षणभर विचित्र वाटलं. भाषांतरात काहीतरी घोळ असावा. नेतृत्वाने कोणी आजारी कसं पडेल? मग लक्षात आलं की ही परीक्षा आहे. संकट आलं की कच्चा माणूस लगेच नळ उपटतो. मी 'नाही' दाबलं. म्हणजे दाबायला भिंगरीला सांगितलं. तिचा अंगठा बटणाच्या बाजूला पडला, दोनदा. तिसऱ्यांदा तिचं बोट धरून मीच दाबलं.

२५ मार्च

भिंगरी शाळेच्या जिन्यात पडली. पायरी चुकली म्हणे. लागलं फार नाही, पण नंतर उलट्या. ही मला न विचारता परस्पर तिला डॉक्टर बाईंकडे घेऊन गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न काय विचारावा, तर वडील काय काम करतात. हिने सरळ सांगितलं, बॅटऱ्यांच्या कारखान्यात. मला कळत नाही, पोरीच्या पोटदुखीचा आणि माझ्या करिअरचा काय संबंध? निदान 'स्टोअर मॅनेजमेंट' तरी म्हणायचं.

मलाही बोलावून घेतलं. तिघांचंही रक्त घेतलं. भिंगरी रडली नाही. नुसती सुईकडे बघत बसली. नर्स म्हणाली, शहाणी आहे. हिने तोंड फिरवलं.

२८ मार्च

मुलाखत झाली. उत्तम. नळाचं वाक्य टाकलं. मालकांनी विचारलं, कुठला नळ? मोरीतला गळतोय का? मी म्हणालो, नाही, नेतृत्वाचा. ते बराच वेळ कागदावर काहीतरी लिहीत होते.

मग विचारलं की कारखान्यासाठी आजवर काय केलंस. मी फिल्टरचं सांगितलं. तीन आठवड्यांना एक. मालक एकदम सरसावून बसले, दार बंद आहे का बघितलं आणि म्हणाले की हे बाहेर बोलू नकोस, पुढच्या महिन्यात तपासणीवाले यायचेत. आमच्या दोघांत आता गुपित आहे. पद मिळाल्यातच जमा.

३ एप्रिल

सगळं लिहायचं असं ठरवलंय, तर लिहितो.

सकाळी गेम उघडला तर सगळा इंग्रजीत. काल भिंगरीच्या हातून सेटिंग बदललं असणार. माझ्या साठ्यावर राखाडी लादी होती आणि पुढे चार अक्षरं. एल, ई, ए, डी. लीड. बरोबरच आहे म्हटलं, लीड म्हणजे नेतृत्व. ४८,०००.

अकरा वाजता डॉक्टर बाईंकडे रिपोर्ट. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलीच्या अंगात बरंच शिसं आहे. मला ऐकू आलं, शिस्त आहे. मी मान डोलावली. म्हणालो, हो, महिनाभर त्यावरच भर देतोय. बाईंनी चष्मा काढला. हिने माझ्याकडे बघितलं तसं आजवर कधी बघितलं नव्हतं. मग बाईंनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. तीच चार अक्षरं. बाई म्हणाल्या, लेड. शिसं. तुम्ही रोज हाताळता ते.

पुढचं थोडं तुटक ऐकलं. माझा आकडा ३१. हिचा ९. भिंगरीचा ५२. माझ्यापेक्षा जास्त. मी म्हणालो, मशीन चुकलं असेल, ती काही कामाला येत नाही. बाई म्हणाल्या, मुलांच्या अंगात ते पटकन भिनतं. धूळ कपड्यांवरून येते, केसांतून येते, हातावरून. मुलं अंगठे चोखतात. पोट दुखतं, भूक मरते, शिकलेलं विसरतात.

मग त्यांनी मला विचारलं की कारखान्यातून अंघोळ करून, कपडे बदलून येता ना?

मी म्हणालो, रोज.

ही लगेच म्हणाली की हो, केस ओले असतात. ही माझ्या बाजूने बोलली. बाई म्हणाल्या, मग आश्चर्य आहे, मग हे घरातूनच कुठूनतरी येत असणार. रंग, नळ, खेळणी, शोधावं लागेल.

खरं सांगणार होतो. पण त्या वेळी सांगितलं असतं तर हिला धक्का बसला असता. आधीच तिच्यावर ताण आहे.

५ एप्रिल

भिंगरी वॉर्डात. शिसं बाहेर काढायचं औषध देताहेत. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. ती तोंड मिटून घेते, मग हिने आणि नर्सने मिळून उघडायचं. मी बाहेर थांबतो.

आता रोज अंघोळ करतो. खरोखर. साबण लावून, वीस मिनिटं. पाणी सुरुवातीला राखाडी जातं. कोटही कारखान्यात ठेवला. झालं ते झालं, इथून पुढे चूक नाही. मग मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून गेम उघडला आणि तो साठा काढून टाकायला गेलो. टाकता येत नाही. विकावाच लागतो. कोणी घेईना. नळ काढायचं बटणही आता नाही, कारण काढायला माणसं उरली नाहीत. नागरिक: ०. शेवटी एकडोळ्याने एका पोत्या गव्हाला सगळं घेतलं. गहू खायला कोणी नाही. गेम मोबाइलवरून काढून टाकला.

१४ एप्रिल

भिंगरीला घरी येऊन चार दिवस झाले. आकडा २६ वर उतरलाय. औषध अजून चालू. बाईंनी बजावलं की घरात जिथून शिसं येतंय ते सापडलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा चढेल.

मी मोहीम हाती घेतली. नेतृत्व लागतं ते अशाच वेळी. मेहुण्याला, म्हणजे हिच्या भावाला, बोलावून घेतलं आणि कामं वाटून दिली. भिंतींचा जुना रंग ओल्या फडक्याने पुसून वर नवा दिला. स्वयंपाकघरातला नळ बदलला. तिची सगळी रंगीत खेळणी पिशवीत भरून फेकली. लाकडी घोडा देताना भिंगरी म्हणाली, याने काय केलं? मी म्हणालो, त्याच्यात वाईट रंग आहे. तिने घोड्याला हात लावला, मग हात फ्रॉकला पुसला आणि दिला.

ही चार दिवस गुडघ्यांवर बसून फरशी पुसतेय. कपाटांच्या मागे, पलंगाखाली. बोटांची सालं निघालीत. भिंगरीला पायात येऊ नये म्हणून माझ्या मोठ्या खुर्चीत बसवलंय, उशी लावून. तिला तीच खुर्ची आवडते. दिवसभर त्यातच असते. खुर्चीच्या हातावर गाल टेकून झोपते.

खुर्ची कोणी पुसली नाही. मी अंघोळ करूनच बसत होतो ना.

मी ती साफ करायचं मनात आणलं होतं. पण सगळ्यांदेखत एकदम खुर्चीच का धुवायला घेतली, असं कोणी विचारलं असतं. संधी बघून करीन.

१८ एप्रिल

संधी मिळाली नाही. कारखान्यात तपासणीवाले येऊन गेले. माझ्या कपाटातले न वाटलेले फिल्टर मोजायला त्यांना अर्धा दिवस लागला. मालक म्हणाले की त्यांना याची काहीच कल्पना नव्हती, स्टोअरवाला आपल्या मनाने करत होता. आमचं गुपित मी पाळलं. मालक मनातून मानत असतील.

भिंगरीने आज सकाळी अर्धं अंडं खाल्लं. औषध लागू पडतंय. बहुतेक खुर्चीत फार काही नसावं.

२७ एप्रिल

आकडा ४१.

बाई म्हणाल्या की पुन्हा चढतंय म्हणजे घरात अजून आहे. ही तिथेच रडायला लागली. म्हणाली, मी सगळं पुसलं हो, सगळं पुसलं, अजून कुठे पुसू ते सांगा. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या की तुमची काही चूक नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो. सांगायचं ठरवलं. मग ठरवलं, घरी जाऊन सांगू.

दुपारी कारखान्यात नोटीस लागली. शिफ्ट लीड: भट्टीवाले काका. त्यांनी पहिला हुकूम काढला तो फिल्टर दर आठवड्याला, मागितला तर रोज. माझ्याकडून कपाटाची किल्ली घेताना त्यांनी विचारलं, पोर कशी आहे? मी म्हणालो, बरी आहे.

२८ एप्रिल

सकाळी ही अंघोळीला गेली तेव्हा भिंगरीला उचलून पलंगावर ठेवलं आणि खुर्ची ओढत दाराबाहेर काढली. जिन्यात अडकली. तिरकी करून बघितली, उलटी करून बघितली. तेवढ्यात ही बाहेर आली. म्हणाली, खुर्ची कुठे चालवलीत? मी म्हणालो, जुनी झालीय.

ती जवळ आली. खुर्चीच्या हातावर मी रोज जिथे कोपर टेकायचो तिथे कापड काळसर राखाडी झालंय. तिने त्यावरून बोट फिरवलं. बोट बघितलं. मग विचारलं, तुम्ही रोज अंघोळ करून येत होतात ना?

मी म्हणालो, आता करतो.

खुर्ची माझ्या हातात तशीच होती. 'आता' हा शब्द तोंडातून कसा गेला ते मला अजून कळलेलं नाही. ही ओरडेल असं वाटलं होतं. ती आत गेली, हात धुतले, भिंगरीचे धुतलेले कपडे तेवढे पिशवीत भरले. तासाभरात मेहुणा आला. जाताना भिंगरीने हात हलवला. ही जिना उतरताना खुर्चीला अंग लागू नये म्हणून भिंतीला घासून गेली. तशीच माझ्याही बाजूने गेली.

१ मे

लिहिण्यासारखं काही नाही. पोट दुखतं. डॉक्टर म्हणतात, शिसं.

१६ मे

मेहुण्याचा फोन. आकडा २२. त्याच्या घरी काही पुसलं नाही, रंगवलं नाही, नळ तोच, आणि तरी पंधरा दिवसांत आकडा उतरला. म्हणजे नुसतं माझ्यापासून लांब राहून. बाई म्हणाल्या की अजून उतरेल. विसरलेलं किती परत येईल ते मात्र त्या सांगत नाहीत. ही विचारायची सोडत नाही.

आज भेटायला गेलो. दोनदा अंघोळ करून, दुकानातून आणलेला नवा शर्ट घालून. नखं कापली होती. मेहुण्याने दार उघडलं आणि दारातली खुर्ची दाखवली, लाकडी. बसलो. ही समोरच्या भिंतीशी उभी. भिंगरी जमिनीवर पाटी घेऊन बसली होती. नावाचं पहिलं अक्षर काढलं, दुसरं काढलं, ते उलटं आलं. पुसलं. पुन्हा उलटं आलं.

मग ती उठून दोन पावलं माझ्याकडे आली आणि थांबली. मागे वळून हिला म्हणाली, आई, बाबांना हात लावू?

भिंगरी वाट बघत उभी राहिली. तिचे हात खडूने पांढरे झाले होते.

मीच म्हणालो, नको.